घास घेणारी आसरा

जालना, १४ जुलै १९९७

अक्का,

पाया पडते. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट तसंच चुलीत घालाल, म्हणून वरचा पत्ता यांच्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचून टाका. दादांना मात्र दाखवू नका.

सहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वाटणीच्या दिवशी सासूबाईंचं जातं मधे ठेवून आपण दोघी जावा भांडलो. दादांनी वैतागून वरची तळी माझ्यापुढं ढकलली, खालची तुमच्यापुढं, आणि म्हणाले, "घ्या, आता दळा दोघी." तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं. ते जात्यापायी नाही, माझ्या तोंडून जे गेलं त्यापायी. ते इथं लिहीत नाही, दोघींनाही पाठ आहे.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. पाण्यातल्या आसरांना काय चालतं आणि काय चालत नाही, हे मला विचारायचं आहे. पिंपळगावला तुम्ही दरवर्षी नदीकाठी सात आसरांना दहीभात ठेवायच्या आणि मी मागं ताट धरून उभी असायची. तेव्हा माझं लक्ष कुठं होतं देव जाणे. आता इथं विचारायला कोणी नाही.

आमच्या कॉलनीच्या मागून एक ओढा वाहतो. पुढं खालच्या वस्तीला वळसा घालून कुंडलिकेला मिळतो. आम्ही इथं आलो तेव्हा माघापर्यंत त्यात नितळ पाणी असायचं. खालच्या वस्तीतल्या बाया वाळूत झिरा उकरून हंडे भरायच्या. मग चहूकडं प्लॉट पडले आणि लोकांना ओढा म्हणजे फुकटचा उकिरडा वाटू लागला. घर पाडलं की राडारोडा ओढ्यात, गादी फाटली की ओढ्यात, मेलेलं कुत्रंसुद्धा ओढ्यात. गेल्या वर्षी रस्त्याखालचा पाइप तुंबला आणि वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं. तिथल्या झुंबरबाईची भिंत गेली. ती भिंतीआड झोपली असती तर तीही गेली असती.

तेव्हापासून आम्ही तेरा जणी दर रविवारी सकाळी घमेली-फावडी घेऊन ओढ्यात उतरतो. सरोजिनीबाई म्हणून शाळेतून रिटायर झालेल्या मॅडम आहेत, त्या पुढारी. अर्ज लिहिणं त्यांचं, गाळ काढणं झुंबरबाईचं आणि भांडणं माझं. माझं तोंड तुम्हाला ठाऊकच आहे. पण आम्ही रविवारी काढायचो आणि सोमवारी ट्रॅक्टर येऊन ओतून जायचा. "येथे कचरा टाकू नये" असा बोर्ड लावला, तर बोर्डासकट कचरा टाकला.

मग मी एक उद्योग केला. वैशाखातल्या एका दुपारी, सगळी कॉलनी कूलरपुढं आडवी झालेली असताना, काठावरच्या करंजाखाली सात दगड मांडले. ओढ्यातलेच. तेलात शेंदूर कालवून फासला, हिरव्या खणाचा तुकडा ठेवला, आणि संध्याकाळी झुंबरबाईला सांगितलं की स्वप्नात ओलेत्या सात बाया आल्या आणि म्हणाल्या, आमच्या अंगावर लोक घाण टाकून राह्यले.

अक्का, मला स्वप्न पडलं नव्हतं. हे कोणालाच माहीत नाही. सरोजिनीबाईंनाही नाही, यांनाही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

आठ दिवसांत ट्रॅक्टर थांबले. एका ड्रायव्हरनं तर दगड पाहून चपला काढल्या, हात जोडले आणि भरलेली ट्रॉली तशीच मागं वळवली. मी खिडकीतून बघत होते आणि तोंडावर पदर घेऊन हसत होते. दुसऱ्या दिवशी धाकटीला ताप भरला. पाच दिवस उतरला नाही. डॉक्टर मलेरिया म्हणाले, गोळ्यांनी बरीही झाली. पण तेव्हापासून मी रोज रात्री करंजाकडं तोंड करून हात जोडते.

खोट्या मांडलेल्या आसरा लागतात का हो? काय ठेवू म्हणजे त्या रागावणार नाहीत? दोन ओळी लिहा. बोलू नका हवं तर, नुसतं लिहा.

उषा


जालना, ६ ऑक्टोबर १९९७

अक्का,

तुमचं पत्र आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी फाटकाशी.

माझ्या मनानं दहीभात ठेवला. पण आता काळजी निराळीच झाली आहे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं झालं.

आसरांतली मधली देवी घास घेते, असा गावभर बोभाटा झाला आहे. तिच्यासमोर मूठभर ज्वारी धरली की ती गिळते. खरंच गिळते, मी डोळ्यांनी पाहिलं. मधल्या दगडाला तोंडासारखं भोक आहे. त्यात दाणे टाकले की दिसेनासे होतात आणि बाया हंबरडा फोडतात. नवरात्र चालू असल्यानं सकाळपासून रांग असते. भोकरदनकडून जीप भरून लोक येऊ राह्यले असं झुंबरबाई सांगते. एकीनं तर मला ओळखलं आणि "ह्याच त्या, ज्यांच्या सपनात आल्त्या" म्हणून माझे पाय धरले. मी पाय ओढून घेतले तर म्हणे, "बघा, किती साध्या!"

राडारोडा थांबला खरा. त्याच्याऐवजी आता नारळाच्या शेंड्या, हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तेलाचे दिवे, फाटके खण असं सगळं ओढ्यात जातं. पूर्वी ओतणाऱ्याला मी शिव्या देऊ शकत होते. आता ते निर्माल्य आहे, त्याला काय बोलणार? गेल्या रविवारी आम्ही आठ घमेली काढली तर एक बाई ओरडली, "देवीचं वाहिलेलं कुठं नेऊन राह्यल्या गं?" तेरा जणींपैकी चौघी त्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. त्या आता रांगेत असतात.

सरोजिनीबाई मला म्हणाल्या, "उषाबाई, तुम्हाला नक्की काय दिसलं होतं स्वप्नात?" त्यांचा आवाज शाळेत खोटा दाखला पकडल्यासारखा होता. मी म्हणाले, "अंधारच होता, नीट दिसलं नाही." खाई त्याला खवखवे, अक्का. मला रात्रंदिवस खवखवतं आहे.

त्या मधल्या दगडाबद्दल अजून एक सांगायचं आहे. आज नको.

उषा


जालना, १९ जानेवारी १९९८

अक्का,

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. तिळगूळ पाठवावा असं मनात आलं होतं, पण "गोड बोला" म्हणायचं तोंड माझं नाही, म्हणून ठेवून दिला.

इथं आता देवीची समिती झाली आहे. अध्यक्ष धर्मराज म्हणून आहेत. आमच्या कॉलनीतले निम्मे प्लॉट त्यांनीच पाडलेले. माणूस बोलायला असा गोड की साखर लाजेल. त्यांचं ठरलं आहे की ओढा दोन पाइपांत घालायचा, वर करंजापासून रस्त्यापर्यंत स्लॅब टाकायचा आणि स्लॅबवर देवीचा सभामंडप. मंडपाला लागून आठ दुकानं. ती कशाला, हे कोणी विचारलं नाही.

पाइप आणून टाकले आहेत. मी जाऊन पाहिले. एकात मी वाकून बसू शकते, एवढेच. वस्तीत पाणी शिरलं तेव्हा याहून मोठा पाइप तुंबला होता. झुंबरबाईनं पाइपाच्या तोंडाशी उभं राहून बराच वेळ आत पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, ह्याच्यातून पानी जाईन, पर गाळ न्हाई जाणार. मंग पानी कुठं जाईन? माझ्या घरात." तिनं भिंत आताच कुठं उभी केली आहे, तीही मातीची.

आम्ही नऊ जणी धर्मराजांकडं गेलो. सरोजिनीबाईंनी नकाशा काढून नेला होता. त्यांनी तो पाहिलाही नाही. मला म्हणाले, "वहिनी, देवीनं तुमच्या सपनात येऊन जागा दावली. आता तिला उन्हापावसात ठेवायचं का? तुम्हीच सांगा, बराबर दिसतंय का?" झुंबरबाई म्हणाली, आसरा छपराखाली राहात न्हाईत, त्यांना वर आभाळ लागतं. धर्मराज म्हणाले, "मावशे, ते खेड्यातल्या आसरांचं. ह्या शहरातल्या हायत." सगळे हसले. मग त्यांच्या बायकोनं माझ्या ओटीत नारळ आणि साडी घातली. पहिली कुदळ स्वप्नवाल्या बाईनं मारायची, असंही ठरलं आहे म्हणे.

आणि अक्का, मी साडी घेतली. हिरवी, जरीची. मान खाली घालून घेतली. सरोजिनीबाई माझ्याकडं बघत होत्या. घरी आल्यावर हे इतके खूश झाले की डेपोतल्या सगळ्यांना चहा पाजला. ते एस.टी.त कंट्रोलर झाले तेव्हाही पाजला नव्हता.

माझं जुलैचं पत्र ठेवलं असेल तर जाळून टाका. पाया पडते, जाळाच. कोणाच्या हाती लागलं तर लोक मला रस्त्यात मारतील, आणि यांना डेपोत तोंड दाखवता येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उषा


जालना, ३ मार्च १९९८

अक्का,

जुलैचं पत्र जाळलं नसेल तर जाळू नका.

पाडव्याला भूमिपूजन ठरलं आहे. सिमेंट आलं. करंजाच्या फांद्या छाटल्या. मला जेवण जात नाही. परवा दुपारी वस्तीत गेले तर झुंबरबाई घरातली भांडी एकेक करून फळीवर वरच्या बाजूला रचत होती. मार्चमध्ये, अक्का! पावसाला तीन महिने आहेत. मी विचारलं तर म्हणाली, "सवय करून घेऊ राह्यले." तिथून घरी येईपर्यंत मी चार वेळा थांबले.

आता सगळं लिहिते. ऑक्टोबरात जे लिहायचं राहिलं तेही.

सात दगडांतले सहा ओढ्यातले. सातवा, मधला, घास घेणारा, तो दगड नाही. ती सासूबाईंच्या जात्याची वरची तळी आहे.

त्या दुपारी मला सहाच दगड मनासारखे मिळाले. उशीर होत होता, कोणी उठेल ही धास्ती. तळी परसात धुण्याच्या दगडापाशी पडली होती. तुमच्याशी भांडून आणलेली तळी अक्का, आणि मी तिच्यावर सहा वर्षं कपडे आपटले. ती उचलली आणि करंजाच्या बुंध्याला टेकवून उभी केली. खुंट्याचं भोक मातीनं बुजवलं. दाणे घालायचं तोंड बुजवायचं राहून गेलं. वरून शेंदूर चढत गेला तसं तिचं रूपच पालटलं. मागं बुंध्यात पोकळी आहे. लोक तोंडात ज्वारी टाकतात ती पलीकडं पोकळीत पडते आणि खारी नेतात. एवढाच चमत्कार. जात्याचं तोंड दाणे घेणार नाही तर काय करणार?

आणि ते दुसरंही लिहून टाकते, कारण ते लिहिल्याशिवाय तुमच्याकडं काही मागायला मला तोंड नाही. वाटणीच्या दिवशी तुम्ही म्हणालात की या जात्यावर मी सासूबाईंच्या समोर बसून पंधरा वर्षं दळलं, ते मला राहू द्या. मी म्हणाले, "तुमच्यामागं त्याच्यावर दळणार कोण?" तुम्हाला लेकरू नाही हे माहीत असून म्हणाले. मुद्दाम लागावं म्हणून म्हणाले. तुम्ही नुसत्या उठून आत गेलात. पोरींच्या वेळची माझी बाळंतपणं तुम्ही काढलीत, आणि मी हे बोलले. त्याची लाज मला रोज वाटते.

आता मागणं. पाडव्याला माझ्या हातात कुदळ देतील तेव्हा मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. पण नुसतं सांगून भागणार नाही. सरोजिनीबाईंना काल सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लोक म्हणतील, देवी तळीत प्रकटली. एकट्या तळीला ते देवी म्हणू शकतात. पण दोन तळ्या एकीवर एक बसल्या की त्याला जातंच म्हणावं लागेल."

खालची तळी तुमच्याकडं आहे. ती घेऊन तुम्ही या. किंवा पाठवा. मला मारायचं असेल तर मारा, पण त्याआधी तळी द्या.

उषा


(पोस्टकार्ड)
जालना, २१ मार्च १९९८

अक्का, सात दिवस उरले. तुमचं काही नाही. यांना काल सांगितलं. भरलं ताट सारून उठले, तेव्हापासून बोलणं बंद. जाताना एवढंच म्हणाले, "सहा वर्षं माझ्या भावाशी बोलणं तुटलं ते त्या दगडापायी, आन् तू त्याचा देव केला." धर्मराजांना कुणकुण लागली असावी, आसरांपाशी आता दोन माणसं बसवली आहेत. कार्डावर सगळं लिहिलंय, पोस्टमन वाचो की कोणी वाचो. मला आता लपवायचं नाही. तळी आली नाही तरी मी बोलणार. पण आली तर बरं होईल. उषा


जालना, ३० मार्च १९९८

अक्का,

दादा उद्या सकाळच्या गाडीनं निघतील. त्यांच्या पिशवीत हे पत्र घालते आहे. दादा तुम्हाला सांगतीलच, पण त्यांचं सांगणं म्हणजे "गेलो, झालं, आलो." म्हणून सगळं लिहिते.

पाडव्याला सकाळी नऊला मी ती हिरवी साडी नेसून गेले. मुद्दाम नेसले. मांडव भरला होता. लाउडस्पीकर, सिमेंटच्या गोण्या, कुदळीला हार. तुमचं काही आलं नव्हतं आणि येणार नाही असं मी धरून चालले होते. झुंबरबाईनं मागून माझा दंड धरला होता.

धर्मराजांनी कुदळ दिली. मी ती खाली ठेवली आणि माइक घेतला. म्हणाले, मला स्वप्न पडलं नाही. दगड मी मांडले. कचरा थांबावा म्हणून मांडले. मधली देवी माझ्या सासूच्या जात्याची तळी आहे. तिच्यासाठी ओढा बुजवू नका, वस्ती बुडेल. माझं चुकलं.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग धर्मराज हसून माइकवर म्हणाले, "मंडळी, देवी परीक्षा पाहून राह्यली. वहिनीच्या तोंडून तीच बोलू राह्यली." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! खरं बोलले त्यालाही टाळ्या. मी ओरडले, "अहो, जातं आहे ते!" तेव्हा मात्र एका बाईनं मला ढकललं. दुसरी म्हणाली, "हिला बाहेर काढा, जल्दी, इटाळ व्हईल." माझा अंबाडा सुटला. सरोजिनीबाई मधे पडल्या तर त्यांचा चष्मा खाली पडून फुटला. मला वाटलं, संपलं. आता स्लॅब पडणार आणि आपल्यालाही यात पुरणार.

तेवढ्यात मागून यांचा आवाज ऐकू आला. "सरका, सरका, वजनी माल आहे." डेपोत गाडी येताना जसे ओरडतात तसे. सायकलच्या कॅरिअरवर गोणपाट बांधलेलं, हे हँडल धरून आणि दादा मागून आधार देऊन. आठ दिवसांत माझ्याशी एक शब्द न बोललेला माणूस, पण स्टँडवर गाडीच्या टपावरून दादांना गोणपाट उतरवताना पाहिलं आणि विचारलंसुद्धा नाही म्हणे, सरळ सायकल पुढं केली. सहा वर्षांनी भाऊ भेटले ते असे, वजन उचलत.

दादांनी गोणपाट सोडलं आणि तळी खाली ठेवली. आता वरची आणायची होती. तिला हात लावायला कोणी धजेना. मी पुढं झाले तर तिथं बसवलेली माणसं आडवी आली. झुंबरबाईनं त्यांच्या बगलेखालून वाकून तळी उचलली, एकटीनं, आणि पोटाशी धरून आणली. तिचं सगळं लुगडं शेंदरी झालं. येताना मला हळूच म्हणाली, "मला पयल्याच दिवशी कळ्ळं व्हतं. म्या काय जातं पाह्यलं न्हाई का? पर म्हन्लं, कचरा थांबला ना, मंग कशाला बोला."

तळीवर तळी ठेवली. मधली खीळ बरोबर भोकात गेली. मी खुंट्याच्या भोकातली माती पिनेनं उकरली. खुंटा कुठून आणणार असं वाटलं, तर दादांनी पिशवीतून खुंटा काढला. नवा, बाभळीचा, तासून गुळगुळीत केलेला. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "तिनंच दिला. म्हन्ली, जुना तिच्याकडं न्हाई राह्यला असणार."

मी तिथंच मातीत पाय पसरून बसले. आसरांपुढच्या ताटातली मूठभर ज्वारी देवीच्या तोंडात टाकली, सगळ्यांच्या देखत. आणि खुंटा ओढला. आधी लाल राड आली, शेंदराची. मग पीठ पडायला लागलं. बारीक, नीट पीठ. मला नवलच वाटलं, कारण सहा वर्षं पडलेल्या जात्यातून एवढं चांगलं पीठ येत नाही. वाकून पाहिलं तर खालच्या तळीला छिन्नीनं ताजी टाकी लावलेली. तुम्ही पाथरवट बोलावून तिला टाकी लावून घेतलीत, अक्का. मी इथं पोस्टमनची वाट बघत होते आणि तुम्ही तिथं तळी दळती करत होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं, मी पुसलं नाही.

मांडवात नुसती घरघर. मग मागून एक म्हातारी, माझ्या ओळखीचीही नाही, मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, जातंच की हे! आन् म्या हिला माझ्या नातवाच्या नोकरीचा नवस बोलले!" आणि ती हसायला लागली. तिच्या शेजारची हसली. हसू असं पसरत गेलं की धर्मराज माइकवर काय बोलून राह्यले ते ऐकूच येईना. रागावलेल्या लोकांना समजावता आलं असतं त्यांना. हसणाऱ्यांना नाही आलं. दोन तास असेच गेले, मुहूर्त टळला.

सगळं गोड झालं असं समजू नका. सिमेंट त्याच संध्याकाळी परत गेलं, पण पाइप अजून काठावरच पडले आहेत आणि मी दिवसातून तीनदा जाऊन मोजते. धर्मराज म्हणाले, पुढच्या मुहूर्ताला बघू. गल्लीतल्या दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काल आमच्या पत्र्यावर दगड पडला. कोणी टाकला कळलं नाही. मी दचकून उठले तर हे म्हणाले, "झोप. दगड आहे, आसरा न्हाई." नऊ दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य.

मी बाकीचे सहा दगड काढायला निघाले होते, झुंबरबाईनं काढू दिले नाहीत. म्हणाली, "त्या ऱ्हाऊ द्या. पानी तिथं आसरा, कोणी मांडो का न मांडो. फकस्त वर आभाळ ठिवा." आणि काल रविवारी, अक्का, आम्ही सतरा जणी ओढ्यात होतो. त्या हसणाऱ्या म्हातारीनं सुनेला पाठवलं होतं. सरोजिनीबाई जुन्या चष्म्यानं चाचपडत घमेली भरत होत्या आणि निम्मा गाळ स्वतःच्या पायावर ओतत होत्या.

आज संध्याकाळी दादांनी विचारलं, "खालची तळी गोणपाटात बांधू का? घेऊन जातो." मी नाही म्हणाले. वाटणीत तुमची आहे हे मला माहीत आहे. तरी नाही म्हणाले. जातं स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं आहे, धुऊन, खुंट्यासकट. तोंडाच्या कडेला थोडा शेंदूर राहिला आहे, तो घासूनही जात नाही.

पिशवीत तळाशी एक पुरचुंडी आहे. पाडव्याचं पीठ आहे ते. भाकरी करू नका, त्यात शेंदूर आहे. नुसतं बघा. तुमच्यामागं दळणार कोण, असं मी विचारलं होतं. मीच दळलं, अक्का. पण तुमच्यामागं मला दळायचं नाही. एका हातानं खुंटा जड जातो, परवा माझा खांदा भरून आला. समोरची जागा रिकामी ठेवली आहे. ज्वारी निवडून ठेवते, तुम्ही या.

उषा